स्टिरिओ स्वतः बसवणं: खरंच 'रंगाला रंग जोडा' एवढंच?

मिलीव्होल्ट

'स्वयंभू' यांचा 'कार स्टिरिओ: पंधरा मिनिटांचं काम' हा लेख वाचला. प्रतिसाद लिहायला बसलो तो लांबतच गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय. तो लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: जुना स्टिरिओ उपसा, नव्याच्या वायरी गाडीच्या वायरींना रंगाला रंग अशा जोडा, वर टेप गुंडाळा, उरलेल्या वायरी मागे कोंबा. बसवून देणारे लोक उगाच बाऊ करतात आणि आपल्याला गंडवतात. खाली 'मस्त माहिती', 'वाचनखूण साठवली' असे प्रतिसाद. मला लेखापेक्षा त्या वाचनखुणांचीच जास्त धडकी भरली.

रंगाचंच घ्या. बाजारातून आणलेल्या स्टिरिओच्या बाजूने रंग बऱ्यापैकी ठरलेले आहेत. पिवळीला कायम १२ व्होल्ट हवेत, लालला किल्ली फिरवल्यावर, काळी ग्राउंड (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह), पांढरी-राखाडी पुढच्या स्पीकरना, हिरवी-जांभळी मागच्या. पण गाडीच्या हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) रंग गाडी बनवणाऱ्याने आपल्या मर्जीने ठरवलेले असतात. कित्येक जर्मन गाड्यांत ग्राउंड तपकिरी असते आणि किल्ली फिरवली की काळ्या वायरीत १२ व्होल्ट येतात. अशा गाडीत काळीला काळी जोडा. स्टिरिओची बॉडी डॅशच्या लोखंडी पट्टीला टेकलेली, म्हणजे तुम्ही सरळ शॉर्ट केलंत. नुसता फ्यूज उडाला तर नशीब समजा.

गाडीत आयएसओ प्लग (ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या पिनांचा) आहे म्हणून निर्धास्त व्हावं, तर तिथेही ४ आणि ७ नंबरच्या पिनांची काही गाड्यांत अदलाबदल असते. एकीत कायमचा करंट, दुसरीत किल्लीचा. उलट्या लागल्या की किल्ली काढल्याबरोबर घड्याळ, स्टेशनं, सेटिंग सगळं पुसलं जातं आणि माणूस स्टिरिओच्या नावाने खडे फोडत बसतो.

'स्पीकरची एक वायर बॉडीला दिली तरी चालते' हे वाक्य कुठून आणलं देव जाणे. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, आणि दोन्हींवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट कायम असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की आतली ॲम्प्लिफायरची आयसी (चिप) एक तर स्वतःला बंद करून घेते, नाहीतर कायमची जाते.

आणि कळस: 'किल्लीची वायर सापडत नसेल तर लाल-पिवळी एकत्र करा.' म्हणजे स्टिरिओ कधी झोपायचाच नाही. अर्धा अँपिअर जरी ओढत राहिला तरी दिवसाला १२ अँपिअर-अवर झाले. ४५ ची बॅटरी किती दिवस तग धरेल हा हिशोब शाळेतलं पोरही करेल.

स्वतः बसवू नका असं मी म्हणत नाही. माझ्या गाडीतला मीच बसवलाय. पण हातात मल्टिमीटर नसेल तर पॅनलला हात लावू नका.

स्वयंभू

वा! आमच्या नावाने स्वतंत्र धागा. धन्य झालो.

साहेब, मी माझ्या गाडीत, ताईच्या गाडीत आणि मेव्हण्याच्या गाडीत स्टिरिओ बसवलाय. तिन्ही आजही वाजतायत. आग लागलेली नाही, बॅटरी उतरलेली नाही. तुम्ही जी आयसी, बीयसी सांगताय ती गाणं ऐकताना दिसत नाही.

आणि रंगाला रंग जोडा हे मी हवेत सांगितलेलं नाही. गाडीच्या मॉडेलप्रमाणे हार्नेस अडॅप्टर मिळतो. एका टोकाला गाडीचा प्लग, दुसऱ्या टोकाला स्टिरिओवाल्या ठरलेल्या रंगांच्या वायरी. मग पिवळीला पिवळीच जाते की! सामान्य माणसाला घाबरवून सोडायचं आणि मग 'मी मात्र स्वतः बसवला' म्हणून मिरवायचं, ही जुनी खोड आहे इथल्या जाणकारांची.

मिलीव्होल्ट

अडॅप्टर! तुमच्या अख्ख्या लेखात हा शब्द एकदाही नाही. उलट 'जुना प्लग कापून टाका, अडचण करतो' असं लिहिलंय. पुन्हा वाचा हवं तर.

स्वयंभू

ते गृहीत असतं हो. बूट घाला म्हटल्यावर आधी मोजे घाला हेही सांगायचं का?

चिमटा

मी हे काम करून पोट भरतो, म्हणजे स्वयंभूंच्या भाषेत गंडवणारा. तेव्हा गंडवणाऱ्याची बाजूही ऐका.

'पंधरा मिनिटां'तल्या गाड्या शेवटी माझ्याकडेच येतात. डॅशचं फ्रेम डिकीत, स्क्रू पिशवीत, त्यातले दोन कमी. क्लिपा तुटलेल्या, कारण प्लास्टिकच्या पट्टीऐवजी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेलं. एसीच्या जाळीशेजारी तो ओरखडा ठरलेला. आणि गाडी हातात देताना वाक्य एकच: 'बाकी सगळं केलंय, फक्त आवाज येत नाहीये, दोन मिनिटांचं काम आहे.'

परवाचीच गाडी. स्टिरिओ बाहेर ओढला तर मागे काळ्या टेपचा लोळागोळा. डॅश उन्हाने तापून टेपचा गोंद सुटला होता, टेप वायरीवरून सरकून खाली आली होती आणि पिवळीचा पीळ दिलेला जोड उघडा पडून ब्रॅकेटच्या लोखंडापासून बोटभर अंतरावर लोंबत होता. तांब्यावर हिरवट थर. मालक म्हणाले, 'खड्ड्यातून गेलं की मध्येच बंद होतो.' बंद होतोय तोवर ठीक आहे म्हटलं.

अजून एक. डॅशमध्ये पिवळ्या वेष्टनाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे. तिथे बल्बचा टेस्टर लावून 'करंट येतो का' बघणारे महाभाग मी पाहिलेत. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा, एअरबॅगच्या युनिटमधला साठा उतरायला वेळ लागतो. हे स्वयंभूंच्या लेखात होतं का?

पीळ देऊन टेप हा जोड नव्हेच. मी कायम क्रिंप करतो (तारांवर धातूची नळी दाबून बसवतो), वर हीटश्रिंक (तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी).

निळीवायर

चिमटा, तुम्ही नीट काम करत असाल, पण सगळे तसे नसतात. माझा अनुभव ऐका.

नवीन स्टिरिओ बाहेरून बसवून घेतला. चांगला चकचकीत काउंटर, गणवेशातली माणसं. घरी येताना लक्षात आलं की एफएम जवळजवळ लागतच नाहीये, नुसती खरखर. परत गेले तर उत्तर मिळालं, 'मॅडम, या स्टिरिओचा रेडिओ असाच असतो. आता रेडिओ कोण ऐकतं?' मी ऐकते! रोज ऐकते!

शेवटी वैतागून घरी स्वतःच फ्रेम काढली. गाडीच्या छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला १२ व्होल्ट लागतात. ते देणारी स्टिरिओची निळी वायर तशीच मोकळी सोडलेली होती, टोकावरची फॅक्टरीची टोपीसुद्धा काढलेली नव्हती. ती जोडली आणि सगळी स्टेशनं परत आली. आणि हो, गाडीचा मूळ प्लग त्या 'व्यावसायिकां'नी कापला होता. म्हणजे उद्या जुना स्टिरिओ परत बसवायचा म्हटलं तर बोंबला.

तेव्हा स्वयंभूंची पद्धत चुकीची असेल, पण स्वतः करावं हे त्यांचं म्हणणं मला पटतं. आपली गाडी म्हणून आपण जेवढं जपून करतो तेवढं दुसरा करेलच याची खात्री नाही.

तप्तलोह

निळीवायर यांच्याशी सहमत. पण मला चिमटा यांचं शेवटचं वाक्य खटकलं. क्रिंप? पकडीने चेपलेली नळी हा 'कायम'चा जोड? त्याच नळ्या ओढून मोकळ्या झालेल्या मी ढिगाने पाहिल्यात. जोड म्हणजे सोल्डर. दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट गुंडाळायच्या (तारखात्याच्या काळापासून चालत आलेला वेस्टर्न युनियन जोड), तार तापवायची, सोल्डर तारेवर वितळवायचं, इस्त्रीवर (सोल्डरिंग आयर्नवर) नाही. वर हीटश्रिंक. पिढ्या जातील, जोड जाणार नाही.

चिमटा

पकडीने चेपलेली नळी हा क्रिंप नाहीच. त्यासाठी रॅचेटवाला क्रिंपर असतो, तो पुरता दाबल्याशिवाय सुटत नाही. वायरच्या जाडीप्रमाणे टर्मिनल निवडायचं, बरोबर साच्यात धरायचं, मग दोन्ही बाजूंनी ओढून बघायचं. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणू नका.

तुमच्या गाडीचं हार्नेस उघडून बघा. शेकडो टर्मिनलं, सगळी क्रिंप केलेली. कंपनीला सोल्डर परवडत नाही म्हणून नव्हे. सोल्डर तारांच्या आत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होतं तिथेच गाडीच्या थरथराटाने तार तुटते. नासाच्या हार्नेसच्या मानकात, ८७३९.४ मध्ये, क्रिंपचे नियम सविस्तर दिलेत.

तप्तलोह

नासाचं नाव काढलंच आहे तर सोल्डरच्या जोडांसाठीही त्यांचं मानक होतं, ८७३९.३. ते मात्र तुम्हाला दिसलं नाही. तुमच्या गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) उघडा, आत सगळं सोल्डर आहे आणि तोही इंजिनाशेजारी बसून थरथरतोच की. तार तुटते ती आधार नसल्यामुळे. जोडाच्या दोन्ही बाजूंना हीटश्रिंक पुढे घ्या आणि हार्नेसला बांधा, हलणारच नाही. हलणारच नाही तर तुटेल कशी?

आणि 'उन्हात सोल्डर वितळतं' हे कुणी तरी येऊन म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो: ६३/३७ (कथील/शिसं) सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. तुमचा डॅश तेवढा तापला तर स्टिरिओची चिंता करायला तुम्ही उरणार नाही.

अर्धाकान

क्रिंप करा नाहीतर सोल्डर करा, पण आवाज कमी ठेवा! सिग्नलला शेजारच्या गाडीच्या काचा थरथरतात आणि माझ्या छातीतही. स्टिरिओ बदलणाऱ्या प्रत्येकाला तो अख्ख्या रस्त्याला ऐकवायचा असतो. खोक्यावर '५० वॉट × ४' छापलेलं वाचून लोक हरखून जातात. अहो, इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टमधून ४ ओहमच्या स्पीकरला सतत म्हणाल तर गणिताने जास्तीत जास्त २६ वॉट निघतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. ५० हा क्षणभराचा आकडा. त्यावर विश्वास ठेवून व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळायचा, मग आवाज फाटतो, मग म्हणायचं स्पीकर भिकार.

नवखा

नमस्कार. मध्येच विचारतो. माझ्या गाडीत स्टिरिओच्या मागच्या प्लगमध्ये किल्लीवर चालू होणारी वायर मला मिळतच नाही. मीटर लावून पाहिला. एका वायरीत कायम १२.४, बाकी कशात काहीच नाही. दोन बारीक वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत, त्या कशाच्या? लाल कुठे जोडू?

चिमटा

तप्तलोह, ईसीयूच्या बोर्डावरचा सोल्डर आणि वायरचा जोड यांची तुलना करताय म्हणजे कमाल आहे. बोर्डावर तार वाकते का? आणि घरगुती माणूस डॅशखाली उताणा पडून, तोंडात टॉर्च धरून, तापलेली इस्त्री सीटच्या कापडावर टेकवत तुमचा वेस्टर्न युनियन जोड करणार? सीटला पडलेली भोकं मी मोजत नाही आता.

तप्तलोह

मग डॅशखाली करायचंच कशाला? अडॅप्टरच्या आणि स्टिरिओच्या वायरी टेबलावर बसून जोडायच्या, गाडीत फक्त प्लग खुपसायचा. डॅशखाली उताणं पडायची वेळ कुणावर येते? ज्याने प्लग कापला त्याच्यावर.

चिमटा

हे मात्र बरोबर बोललात. टेबलावर बसून, प्लग न कापता केलं तर सोल्डरला माझी हरकत नाही. क्रिंपच चांगला, पण हरकत नाही.

तप्तलोह

उपकार झाले.

बटणवादी

कुणी मूळ रोगावर बोलणार आहे की नाही? तो टचस्क्रीन बसवायचाच कशाला? आवाज कमी करायला जुन्या स्टिरिओला गोल बटण होतं, न बघता हात जायचा. आता काचेवर बोट शोधत फिरतं आणि नजर रस्त्यावरून जाते. माझा १८० बाय ५० मिलिमीटरचा जुना स्टिरिओ अजून ठणठणीत आहे. डबल डिनवाल्यांनो (दुप्पट उंचीचा स्टिरिओ बसवणाऱ्यांनो), लखलाभ.

मिलीव्होल्ट

बटणवादींनी नजरेचा विषय काढला म्हणून आठवलं. स्वयंभूंच्या लेखात आणखी एक रत्न होतं: 'हँडब्रेकची वायर (बऱ्याच स्टिरिओंत पोपटी) सरळ ग्राउंड करून टाका, म्हणजे चालत्या गाडीत व्हिडिओ दिसतो.' ही वायर दिलीच आहे ती गाडी उभी असल्याची खात्री व्हावी म्हणून. स्पीकर जळला तर तुमचा जळेल. यात समोरून येणारा मरेल.

स्वयंभू

आता मी खुनी झालो का? मागच्या सीटवर मुलं असतात, लांबच्या प्रवासात कंटाळतात, त्यांना दिसावं म्हणून जोडली. मी गाडी चालवताना स्क्रीनकडे बघत नाही.

निळीवायर

स्वयंभू, मागच्या मुलांना दिसेल असं लावलंय म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरच लावलंय. आतापर्यंत मी तुमच्या बाजूने बोलत होते, पण हे नाही पटलं. मुलांसाठी हेडरेस्टला लावायचे वेगळे पडदे मिळतात.

स्वयंभू

ठीक आहे. सगळेच तुटून पडलेत तर बोलून उपयोग नाही. ज्यांना जायचं त्यांनी जावं खुशाल चिमटासाहेबांकडे, आमच्यासारख्या अडाण्यांना आमच्या गाड्या मोकळ्या सोडा.

नवखा

माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का? डॅश उघडा आहे. गाडी उद्या लागणार आहे.

मिलीव्होल्ट

सॉरी नवखा, भांडणात राहून गेलं. त्या पिळलेल्या दोन वायरी म्हणजे बहुधा कॅन बस. तुमच्या गाडीत स्टिरिओला 'चालू हो' हा निरोप वेगळ्या वायरीने जात नाही, त्या दोन वायरींवरून संदेशाच्या रूपात जातो. त्यामुळे मीटरला किल्लीचे १२ व्होल्ट दिसणारच नाहीत. त्या वायरींना कशाशीही जोडू नका, त्यांवर गाडीचे इतर भागही बोलत असतात. तुमच्या मॉडेलचा कॅन बस डीकोडर असलेला अडॅप्टर घ्या. तो संदेश वाचून लालसाठी १२ व्होल्ट काढून देतो, बहुतेक वेळा स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्सचा सिग्नलही देतो. आणि कृपा करून लाल-पिवळी एकत्र करू नका.

चिमटा

उद्यापर्यंत डीकोडर मिळणार नाही, म्हणून तात्पुरतं सांगतो. फ्यूजबॉक्समध्ये किल्लीवर चालणारा एखादा फ्यूज शोधा, वायपरचा किंवा सॉकेटचा. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. त्या जागी फ्यूज टॅप लावा, त्यात मूळ फ्यूज आणि लालसाठी छोटा वेगळा फ्यूज, दोन्ही बसतात. बहुतेक स्टिरिओंत लाल फक्त इशारा देते, खरा भार पिवळीवर असतो, म्हणून छोटा फ्यूज पुरतो. पिवळीला मात्र स्टिरिओच्या मागे लिहिलेल्याच आकड्याचा. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो उडाला म्हणून मोठा घालायचा नाही, का उडाला ते बघायचं.

तप्तलोह

आणि टॅपच्या वायरीचा जोड कसा करायचा तेही सांगा त्याला.

चिमटा

त्याला क्रिंपचीच नळी येते फॅक्टरीतून. घ्या.

स्वयंभू

माझ्या लेखात वर एक ओळ घातली आहे: 'आपल्या मॉडेलचा हार्नेस अडॅप्टर घ्यावा.' प्लग कापण्याची ओळ काढली आहे. हँडब्रेकची पण काढली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, लेख फार लांबला होता म्हणून.

निळीवायर

स्पीकरची वायर बॉडीला द्यायची ओळ अजून आहे तिथे.

स्वयंभू

बघतो.

नवखा

फ्यूज टॅप लावला, वायपरच्या फ्यूजवर. स्टिरिओ किल्लीबरोबर चालू-बंद होतोय. एफएम लागतंय, निळी वायर जोडली होती, धन्यवाद निळीवायर. पण इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते. हे काय?

मिलीव्होल्ट

अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याचा) आवाज. काळी वायर कुठे दिलीय?

नवखा

डॅशच्या आत एक स्क्रू होता, त्याला.

चिमटा

तो स्क्रू प्लास्टिकमध्ये किंवा रंगवलेल्या पत्र्यात असणार. काळी तिथून काढा आणि गाडीच्या मूळ प्लगमधल्या ग्राउंडला द्या, किंवा रंग खरवडून उघड्या पत्र्याला. त्यानंतरही शिट्टी आली तर सांगा, वेगळा ॲम्प्लिफायर लावलाय का आणि त्याच्या सिग्नलच्या वायरी पॉवरच्या वायरीशेजारून नेल्यात का ते बघू. आणि रात्री गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावा. ५० मिलीअँपिअरच्या वर दाखवत असेल तर उद्या गाडी घेऊन जायच्या आधी इथे लिहा.